नाव लिहिलेली माती

श्रावण लागून आठ दिवस झाले होते. रजनीनं नेहमीप्रमाणे चूल पेटवली, सासऱ्यापुढं चहाचा कप ठेवला, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेतली आणि वही घेऊन ती खाचराकडं निघाली. वाटेत तीन घरं लागत. पहिल्या घरातली बाई तिला बघून लगबगीनं आत गेली, कारण सकाळच्या पारी विधवेचं तोंड बघू नये. दुसऱ्या घरातल्या म्हातारीनं नातवाला पदराखाली ओढलं. तिसरं घर हैबतरावाचं. तिथं दारात उभी असलेली दोन माणसं ती पुढं जाईपर्यंत बोलायची थांबली. नवरा काविळीनं गेल्यापासून सहा वर्षं रजनी हे बघत होती.

खाचराच्या मध्यावर हातभर लांबीची एक सळई चिखलात रोवलेली होती. तिच्या डोक्यावर साबणाच्या वडीएवढा डबा, आणि डब्यावर काच. रजनीनं काच पदरानं पुसली आणि बटण दाबलं. आकडा उमटला, तो तिनं वहीत लिहिला. मग भाताचं एक रोप बोटांत धरून त्याचं पान निरखलं, तेही लिहिलं.

एवढंच काम. पण मुठा खोऱ्यातल्या त्या बावीस उंबऱ्यांच्या वाडीत २००८ साली याच कामावरून एका बाईचं आयुष्य पणाला लागलं.

ही सळई पुण्याच्या एका शेती संशोधन संस्थेची होती. मातीत नत्र किती आहे, ते ती सांगत असे. नत्र म्हणजे युरियातून पिकाला मिळतं ते. नत्र कमी असेल तर युरिया टाकायचा, पुरेसं असेल तर टाकायचा नाही, असा साधा हिशेब. यंत्र नवं होतं, अजून चाचणीतच होतं. ते घेऊन संस्थेतल्या मेधा मॅडम ज्येष्ठात वाडीवर आल्या, तेव्हा कुणी जवळ उभं करेना.

"नांद्याला असंच खुंट ठोकून गेले हुते," हैबतराव म्हणाला होता. "आता जाऊन बघा, भाताच्या जागी इमारती हायेत. मातीत काय पुरायचं ते तुमच्या हापिसात पुरा."

हा संशय काही खुळा नव्हता. मारुंजी, नांदे या गावांचं काय झालं ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. चांगल्या कामासाठी म्हणून आलेली माणसं नकाशे करून जातात आणि मागून दुसरीच माणसं येतात, हे मुळशीकराला कुणी शिकवावं लागत नाही. मेधानं समजावलं, कागद दाखवले. पण कागद बघितल्यावर तर लोक आणखीच मागं सरले.

शेवटी कुशाबाच्या सुनेनं हात वर केला. कुशाबा म्हणजे रजनीचा सासरा, हैबतरावाचा चुलता. सत्तरी उलटलेला, तोंडाचा फटकळ, पण सुनेवर जीव असलेला. जमीन त्याच्या नावावर होती. मुलगा गेलेला, नातवंड नाही. रजनी दहावीपर्यंत शिकलेली, आणि तिला त्या सळईत काहीतरी गंमत वाटली. "मामा, ठिवू का?" तिनं सासऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "ठीव. आपल्या मातीत हाय काय चोरण्यासारखं?"

आता वाडीची खाचरं कशी आहेत ते सांगायला हवं. डोंगराच्या उताराला पायऱ्या पायऱ्यांनी ती उतरत येतात. सगळ्यात वर हैबतरावाची चार, त्याखाली कुशाबाची दोन. वरच्या खाचरातलं जास्तीचं पाणी बांधाला ठेवलेल्या वाटेनं खाली येतं. हैबतरावाचा युरियावर फार विश्वास होता. पान जरा फिकट दिसलं की टाक, पाऊस उघडला की टाक, शेजाऱ्यानं टाकला म्हणून आपणही टाक. रजनी रोज आकडा लिहीत होती. एके दिवशी हैबतरावानं युरिया फेकला आणि दोन दिवसांनी तिचा आकडा बावीसवरून एकेचाळीसवर गेला. तिनं तर मूठभरही टाकला नव्हता. पुढच्या वेळीही तेच झालं.

मेधाला हे कळलं तेव्हा तिला हर्ष झाला. वरच्यानं टाकलेलं नत्र वाहून खालच्याला मिळतं, हे आकड्यांत धरता येत होतं. तिनं रजनीला सांगितलं, "रजनीताई, हैबतरावांच्या चारही खाचरांतली थोडी थोडी माती लागेल. मांजरपाटाच्या पिशव्या देते. प्रत्येक पिशवीत नावाची चिठ्ठी टाकायची, मालकाचं नाव, खाचराचा नंबर. सावलीत वाळवायची."

"त्यांना इचारावं लागंल की."

"नको, उगाच वाद होईल. मूठभर माती, कुणाला कळणारसुद्धा नाही."

मेधा हुशार होती, मनानं चांगली होती. पण दुसऱ्याची माती गुपचूप उचलून, कपड्यात बांधून, त्यात त्याचं नाव घालून आढ्याला टांगणं याला आपल्याकडं काय म्हणतात, हे तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायला ती थांबलीही नाही. आणि रजनीला ठाऊक असूनही ती गप्प बसली, कारण मॅडम शिकलेल्या होत्या. चार पिशव्या तिच्या घराच्या वाशाला लटकल्या.

श्रावण संपता संपता हैबतरावाचं भात करपलं. आधी पानावर डोळ्याच्या आकाराचे डाग, मग पानंच्या पानं वाळून गेली. करप्याला जास्तीचा युरिया आणि ढगाळ हवा मानवते. शेतीची पुस्तकं हे सांगतात, पण पुस्तकं वाडीवर येत नाहीत. खाली रजनीचं इंद्रायणी भात मात्र बेतशीर हिरवं, ताठ उभं. येणारा जाणारा बांधावर थांबून आधी वर बघे, मग खाली बघे.

आणि पाच दिवसांत हैबतरावाची दुभती म्हैस मेली. पोट फुगलं, अंग थरथरलं, दोन तासांत खेळ खलास. जनावरांचा डॉक्टर आला तोवर उशीर झाला होता. त्यानं विचारलं, "युरियाचं पोतं कुठं उघडं पडलं होतं का? चाटला असेल तिनं." हैबतरावाची बायको चांगुणा दारामागं उभी होती. पोतं गोठ्यात होतं, त्याचं तोंड तिनंच उघडं ठेवलं होतं, आणि म्हशीनं तोंड घातलेलं तिनं पाहिलंही होतं. पण नवऱ्याचा हात तिला माहीत होता. ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी चांगुणा विरजण मागायला रजनीकडं आली. विरजणाला तरी म्हशीचं दूध कुठलं आता, पण सुतकी घरात बसवत नाही म्हणून आली असावी. रजनी आत गेली आणि चांगुणानं सहज वर पाहिलं. चार पांढऱ्या पुरचुंड्या. एकीतून चिठ्ठी बाहेर आली होती. चांगुणा चौथी शिकलेली, नवऱ्याचं नाव ओळखण्याइतकं तिला नक्कीच वाचता येत होतं.

विरजण न घेताच ती पळाली.

तास दोन तासांत साऱ्या वाडीला कळलं. संध्याकाळच्या आत हैबतराव गेणबा देवरुशीकडं जाऊन आला. गेणबा पक्का बेरका. त्यानं कुणाचं नाव घेतलं नाही. तांदूळ मांडले, डोळे फिरवले आणि एवढंच म्हणाला, "खालच्या अंगाला बघा. कपाळ पांढरं हाय. तुमच्या रानाचा कस लोखंडानं वडून घेतीया."

खालच्या अंगाला, पांढऱ्या कपाळाची, लोखंड रोवलेली अशी साऱ्या वाडीत एकच होती.

दुसऱ्या सकाळपासून रजनीच्या वाट्याला काय आलं, ते लिहिताना हात जड होतो. विहिरीवर ती गेली की बायका घागरी अर्ध्या सोडून बाजूला होत. दुकानात तिला तेल मिळालं, पण मापाला तिचा हात लागू न देता. कुणाचा ताप, कुणाची गाभडलेली गाय, कुणाचं मोडलेलं लग्न, सहा वर्षांतलं सगळं लोकांना आता आठवू लागलं आणि त्या साऱ्याला एकच कारण सापडलं. संशयाचं हे असं असतं, एकदा बसला की तो मागचंही सगळं खाऊन टाकतो.

पण सगळ्यात मोठा घाव घरातून आला. तिसऱ्या सकाळी तिनं कुशाबापुढं चहा ठेवला. म्हाताऱ्यानं तो घेतला नाही. दुपारी भाकरी वाढली, तीही नाही. उठला, स्वतः चुलीपाशी बसला आणि पिठात पाणी ओतू लागला.

"मामा, काय झालं?"

"काय न्हाई."

"माज्या हातचं खायाचं न्हाई का?"

कुशाबानं वर न बघता, पीठ मळत विचारलं, "खरं सांग. माजं पोरगं काविळीनंच गेलं न्हवं?"

रजनी जागच्या जागी बसली. नवऱ्यासाठी तिनं दवाखान्याच्या किती पायऱ्या झिजवल्या होत्या, कुठल्या झाडाचा पाला वाटून पाजला होता, हे या माणसानं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिला रडू आलं नाही, संताप आला.

"मामा," ती म्हणाली, "मी काय बी सांगितलं तरी तुमाला आता खोटंच वाटणार. मला इचारू नका. रानात जावा, बांधावर बसा आन् तुमचं तुमी बघा. सारा जलम भात केलंय तुमी."

कुशाबा खरोखरच गेला. दोन दिवस तो बांधावर बसून राहिला, वरच्या खाचरातून खाली पडणाऱ्या पाण्याकडं बघत. काय विचार करत होता ते त्यालाच माहीत.

रजनीनं मेधाला फोन केला. मेधा हादरली, संस्थेच्या साहेबांकडं धावली. साहेबांनी चष्मा पुसत सांगितलं, "गावच्या भानगडीत संस्था पडत नाही. उपकरण काढून आणा. नोंदवही मात्र पूर्ण आणा, मधे खाडा नको." त्यांच्या टेबलामागं, दाराच्या चौकटीवर, काळ्या दोऱ्यात लिंबू आणि मिरच्या टांगलेल्या होत्या. मेधानं त्या आजवर कधी पाहिल्याच नव्हत्या. नव्या घराची दिशा बघणारे, नव्या सुनेचा पायगुण मोजणारे आपण शहरातले लोक. वाडीवरच्या माणसांना हसायचा आपल्याला काय अधिकार?

रविवारी सकाळी भैरवनाथाच्या मंडपात गावकी बसली. गावकीत पुरुष बसतात; बायका मागच्या भिंतीआड उभ्या राहून ऐकतात. रजनीला समोर उभं केलं होतं. कुशाबा खांबाला टेकून बसला होता. मेधा सुट्टीच्या दिवशी, साहेबांना न सांगता आली होती. ती रजनीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"त्या पिशव्या माझ्या आहेत," ती म्हणाली. "माती मी आणायला सांगितली, नावं मी लिहायला सांगितली. न विचारता नेली ही माझी चूक आहे. रजनीताईंचा काही दोष नाही."

"बघा," मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडमला बी बांधलंय तिनं."

गावकीचा म्होरक्या दयानंद खाकरला. "आमी काय कुणाला मारायला बसलेलो न्हाई. रीत सांगतो. रजनी, वल्ल्या लुगड्यानं देवाला पाच फेऱ्या घालायच्या, अंगारा उचलायचा, केलं ते कबूल करायचं आन् ती सळई आपल्या हातानं उपटायची. मग गाव तुला पोटात घेईल. न्हाई तर सावड बंद. कापणीला तुज्या रानात एक विळा येणार न्हाई. पाणी, आग, बोलणं, समदं बंद."

रजनीनं वही उघडली.

"दोन ऑगस्टला हैबतभावजींनी युरिया टाकला," ती वाचू लागली. "चारला माजा आकडा बावीसचा एकेचाळीस झाला. मी टाकला न्हवता. परत सतराला त्यांनी टाकला, एकोणीसला माजा वाढला. त्यांचं खत माज्या खाचरात येतंय, हे खरं हाय."

"ऐका!" हैबतराव उठूनच उभा राहिला. "कबूल झाली! आपल्या तोंडानं!"

मंडपात गलका झाला. भिंतीआडूनही कुजबुज आली. रजनी गलका संपेपर्यंत थांबली.

"पाण्यानं येतंय, भावजी. तुमी गरजेपेक्षा जास्ती टाकताय, ते पाण्यासंगं खाली येतंय. जे वर राहतंय त्यानं भात करपतंय. मी फेऱ्या घालणार न्हाई. कबूल करायला मी काय केलेलंच न्हाई. देवापुढं खोटं बोलून मला तुमच्यात राहायचं न्हाई."

दयानंद कुशाबाकडं वळला. "कुशाबा, जमीन तुजी, घर तुजं. सुनेला आजच्या आज माहेरी धाड, मग तुज्यावर काय न्हाई. तिला ठिवलीस तर तू बी बाहेर. उद्या तू गेलास तर तिरडीला खांदा द्यायला बावीस घरांतनं एक माणूस येणार न्हाई. इचार कर."

म्हाताऱ्या माणसाला याहून मोठं भय दाखवता येत नाही. कुशाबा खांबाला धरून उठला. रजनीनं त्याच्याकडं पाहिलं नाही. आठ दिवस ज्यानं तिच्या हातचा घोट घेतला नव्हता, त्याच्याकडून तिला आता कसली आशा नव्हती.

"वरच्या खाचराचं खालच्याला मिळतं, हे तुमाला आजच कळलं व्हय?" कुशाबा म्हणाला. "मला माज्या बापानं सांगितलं हुतं. वाटण्या झाल्या तवा तो म्हणला, खालची दोन घे, वरनं शेणखताचं पाणी उतरतं. चाळीस वर्सं मी ती केली. दर साली माजं भात हैबतीच्या बापापेक्षा बरं यायचं. तवा तुमी काय म्हणायचा? कुशाबा नशीबवान हाय. दयानंद, तूच म्हणायचास." त्याला दम लागला. "बापयानं केलं तर नशीब आन् बाईनं केलं तर करणी व्हय रं?"

त्यानं रजनीकडं बोट केलं.

"मी बी तिच्यावर संवशय घेतला. तिच्या हातचं खाल्लं न्हाई. मला लाज वाटती. खांदा नका देऊ. माजी सून देईल मला खांदा."

त्या वाडीत बाईनं स्मशानाची वाटसुद्धा चढायची नसते. हैबतराव ओरडला, "आन् माजी म्हस? ती बी पाण्यानंच मेली का?"

तेव्हा भिंतीआडून आवाज आला. "म्हस माज्यामुळं मेली."

चांगुणा पुढं आली होती. मंडपाची पायरी ती आयुष्यात पहिल्यांदा चढत होती. "पोतं मी उघडं ठिवलं हुतं. युरिया चाटताना मी बघितलं तिला. डाक्तरनं इचारलं तवा मी गप बसले, ह्यांच्या भ्यानं. करणीचं नाव झालं तवा मला बरंच वाटलं, माजी सुटका झाली म्हणून." ती रजनीकडं बघू शकत नव्हती. "मी पापीण हाय. ती न्हाई."

हैबतरावाचा हात वर गेला, पण सगळ्या गावासमोर, देवाच्या दारात तो खाली आला. चांगुणा परत भिंतीआड गेली नाही. ती रजनीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली.

एवढं झाल्यावर गाव सुधारलं, असं लिहायला मला आवडलं असतं. गावकी ठराव न करताच उठली. "पुढच्या बैठकीत बघू" असं दयानंद म्हणाला आणि ती बैठक कधी झाली नाही. बंदी घातलीही नाही, उठवलीही नाही. गेणबाकडची रांग काही कमी झाली नाही. कापणीला सावडीचे वीस विळे यायचे तिथं पाच आले, त्यातले चार बायकांचे. कुशाबानं स्वतः पेंढ्या बांधल्या. मेधानं आपल्या अहवालात या सगळ्यावर एक पान लिहिलं, न विचारता माती नेण्याच्या चुकीसकट. छापील अहवालात ते पान नाही. आकडे मात्र सगळे आहेत, एकही खाडा नाही.

पुढच्या ज्येष्ठात ती सुधारलेलं यंत्र घेऊन पुन्हा आली. रजनीनं तिला उंबऱ्यातच थांबवलं.

"मॅडम, आधी गावाला सांगायचं. देवळात बसून, समद्या बायाबापयांना. ह्ये काय हाय, माती कशाला न्यायची, नाव कशाला लिवायचं. कुणी न्हाई म्हणलं तर त्याच्या रानात पाय ठिवायचा न्हाई. मग मी सळईला हात लावीन."

मेधानं तसंच केलं. मंडपात त्या दिवशी बायका भिंतीआड नव्हत्या, पुढं बसल्या होत्या. हैबतराव सगळ्यात मागं, दाराशी, कधीही उठून जाता यावं असा बसला होता. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं विचारलं, "आन् ह्यो आकडा चुकला तर?"

"यंत्र हाय, चुकंल की," रजनी म्हणाली. "चुकलं तर यंत्र उपटा, भावजी. बाईला उपटायला येऊ नका."

हैबतराव खाली बघत म्हणाला, "माज्या खाचरातली माती पायजे असंल तर मी सोता आणून देतो."

त्यानं आणली. चिठ्ठीवर आपलं नावही स्वतःच लिहिलं. माफी मात्र त्या वाडीत रजनीची अजून कुणी मागितलेली नाही.